चालू की बंद

गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. फ्रिज, फ्रीझर, पाणी गार करणारी यंत्रं, आइस्क्रीमच्या पेट्या, जे जे म्हणून थंड करतं ते बिघडलं की माणसं त्याच्याच दुकानात यायची. साठी उलटली तरी हातांत ताकद होती आणि जिभेवर चेष्टा. त्याच्या बायकोला मात्र हे नाव ऐकलं की हसू आवरत नसे. "लोकांना काय माहीत," एवढंच ती म्हणायची, आणि थंडोबाचे कान लाल व्हायचे.

लोकांना खरंच माहीत नव्हतं. दुकान खाली आणि घर वर. दुकानाच्या काचेच्या दाराला एक पाटी टांगलेली होती, एका बाजूला 'चालू' आणि दुसऱ्या बाजूला 'बंद'. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की थंडोबा खाली जाऊन पाटी बंदकडे फिरलेली आहे ना, ते पाहून यायचा. वर येईपर्यंत बायकोने चष्मा काढून डबीत ठेवलेला असे. त्या डबीचं झाकण लागताना टक्क असा आवाज व्हायचा. "दुकान बंद, बाकी चालू," असं ती एकदा म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोघांत तो परवलीचा शब्दच झाला होता. मुलं मोठी झाली की आईबापांच्या अंगातला जीव जातो, असं मुलांना वाटतं. आईबापही मुलांसमोर तसंच तोंड करून बसतात. हे नाटक घरोघरी चालतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. थंडोबाचं बिघडलं.

ते कसं बिघडलं ते सांगायचं तर आधी त्याच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ साठतो. तो वितळायची वाट पाहायला लोकांना वेळ नसतो, मग कुणीतरी स्वयंपाकघरातली सुरी घेतं आणि खरवडायला लागतं. बर्फाच्या मागे गॅसची नळी असते. सुरीचं टोक तिच्यात जातं, फुस्स होतं आणि खेळ खलास. असा फ्रिज घेऊन येणारा माणूस थंडोबा लांबूनच ओळखायचा. तो आधी कंपनीला शिव्या देई, मग विजेला. "आपोआप बंद पडला हो," म्हणे. थंडोबा साबणाचा फेस ब्रशने नळीवर लावायचा, भोकातून बुडबुडे यायला लागले की मान वर करायचा आणि विचारायचा, "सुरी कुणी घातली?"

मग गिऱ्हाइकाचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. नवरा बायकोकडे बघायचा, बायको सासूकडे. थंडोबा खो खो हसायचा. "अहो, इथे कसली लाज? खरं सांगितलं असतंत तर अर्ध्या वेळात काम झालं असतं!" हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की बायकोला ते वर स्वयंपाक करताना पाठ झालं होतं.

तर अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लघवीला वरचेवर उठावं लागतं म्हणून रक्त तपासलं, मग तुकडा काढून तपासला, आणि लेकीच्या हातात फाइल आली. लेक शिकलेली, विमा कंपनीत अधिकारी, इंग्रजी कागद वाचणारी. "आई घाबरेल, मीच येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. बायकोने एकदा "मी पण येते" म्हटलं, पण थंडोबानेच हात हलवला. "तू काय करणार आहेस तिथे येऊन?"

डॉक्टर मोकळा माणूस होता. त्याने कागदावर एक गोल काढला आणि त्याची एक कड पेनाने गिरवली. "गाठ लहान आहे, एकाच बाजूला आहे. वेळेवर सापडली. ऑपरेशन करता येईल, किरणं देता येतील, नाहीतर गोठवता येईल."

"गोठवता?" थंडोबा खुर्चीत पुढे सरकला.

"बारीक सुया आत घालायच्या. त्यांतून गॅस सोडला की टोकाशी बर्फाचा गोळा धरतो. त्यात गाठ मरते. मग विरघळू द्यायचं आणि पुन्हा एकदा गोठवायचं."

"गॅस कुठला?"

"आर्गॉन."

"आणि लघवीची वाट? ती नाही गोठत?"

"तिच्यातून कोमट पाणी खेळवत ठेवतो आम्ही."

थंडोबाने समाधानाने मान डोलावली. आयुष्य गारव्यात घालवलं, आता गारवाच जीव वाचवणार. हे त्याला इतकं पटलं की कॅन्सरची भीतीसुद्धा थोडी मागे पडली. लेकीकडे बघून त्याने डोळेही मिचकावले.

तेवढ्यात डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "एक महत्त्वाचं. या ग्रंथीला चिकटून दोन्ही बाजूंनी बारीक नसा जातात. पूर्ण ग्रंथी गोठवली तर त्याही गोठतात, आणि मग पुरुषाचं जे असतं ते बहुतेकदा जातं. एकच बाजू गोठवली तर दुसरीकडच्या नसा वाचू शकतात. खात्री नाही, पण शक्यता असते. मात्र मग पुढे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. म्हणून विचारतो. तुमचं, पत्नीबरोबर... अजून चालू आहे का?"

लेक बाजूलाच बसली होती. तिने फाइलमधले कागद काढले आणि नीट लावलेले कागद पुन्हा लावायला घेतले. डॉक्टरला तिला दोन मिनिटं बाहेर बसवायला काय झालं होतं कोण जाणे! थंडोबाच्या कानांतून वाफा निघाल्या. लहानपणी जिला खांद्यावर बसवून फिरवलं, ती लेक हाताच्या अंतरावर, आणि प्रश्न हा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"छे, छे!" तो म्हणाला. "ते केव्हाच बंद. या वयात कसलं काय!" आणि वर हसलासुद्धा.

आदल्या आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी ती डबी टक्क वाजली होती.

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाला. "पूर्णच गोठवू. नंतर डोक्याला ताप नको."

बाहेर आल्यावर लिफ्टपाशी थंडोबा थबकला. "काय झालं बाबा?" लेकीने विचारलं. "चष्मा राहिला वाटतं आत." "बाबा, चष्मा तुमच्या नाकावर आहे." लिफ्ट आली आणि दोघं खाली गेली.

घरी बायको दारातच उभी होती. त्याने तिला सगळं सांगितलं, बर्फाचा गोळा, कोमट पाणी, हातवारे करून सांगितलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "एक आहे. या इलाजात आपलं ते... जातं म्हणे. सगळ्यांचंच जातं. त्याला काही उपाय नाही."

 त्याच्या शर्टाची कॉलर उगाचच सरळ करत ती म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही आहात ना, मग झालं."

त्या वेळी तरी त्याने तोंड उघडायचं. एक फोन केला की झालं असतं. पण डॉक्टरला काय सांगणार, खोटं बोललो म्हणून? आणि डॉक्टरचा नंबर मागितला की लेकीला कळणार, फाइल तिच्याकडे. आज बोलू, उद्या बोलू करत तो मूग गिळून बसला, आणि ठरल्या दिवशी त्याला आत नेलं.

इलाज चांगला झाला. पण त्याचे जे भोग असतात ते काही चुकले नाहीत. नळी आणि पिशवी लावून घरी पाठवलं. खाली सूज आली, काळंनिळं झालं. बायको पिशवी रिकामी करताना म्हणायची, "तुमच्या दुकानातला फ्रिज बरा, गळला तरी फडक्याने पुसून भागतं." नळी काढल्यावर थेंब थेंब गळायला लागलं. खोकला आला तरी गळे, फ्रिज उचलायला वाकला तरी गळे. जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या शोधणारा माणूस आता पँटच्या आत लहान मुलासारखी कापडाची घडी ठेवून दुकानात बसू लागला, आणि काउंटरमागून उठायचं टाळू लागला. व्यायाम करून, ती जागा आवळून सोडून, आवळून सोडून, ते हळूहळू थांबलं. सूज उतरली. बधिरपणा मात्र पुष्कळ दिवस राहिला. आणि जे जायचं होतं ते गेलं.

सुट्टीची दुपार आली की तो पाटी फिरवून वर यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. बायको चष्मा लावूनच पडायची, छताकडे बघत. कधी त्याच्या पाठीवर हात ठेवायची. "मनाला लावून घेऊ नका हो. सगळ्यांचंच जातं म्हणालात ना? मग तुम्ही काय करणार?" तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि खाली दुकानात कुणी "काय थंडोबा?" अशी हाक मारली की तो उगाच खेकसायचा. लोकांना वाटलं, आजारपणाने माणूस चिडका झाला. सुरी घातलेला फ्रिज आला तरी तो आता हसत नसे. निमूट डाग देऊन भोक बुजवायचा, गॅस भरायचा आणि फ्रिज परत करायचा.

पुढच्या तपासणीच्या दिवशी लेकीला ऑफिसमधून सुटका मिळाली नाही. "आई, तू जा बाबांबरोबर. नुसता रिपोर्ट दाखवायचाय," ती फोनवर म्हणाली. थंडोबाने एकटा जातो म्हणून पाहिलं, पण बायको चप्पल घालून उभीसुद्धा राहिली होती.

डॉक्टरने रक्ताचा आकडा पाहिला आणि खूश झाला. "उत्तम! गाठीचं नावनिशाण नाही. लघवी?"

"थांबली गळायची," थंडोबा म्हणाला आणि उठायलाच लागला. "येतो मग."

"थांबा हो," बायको म्हणाली. तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ती कधी परक्या पुरुषासमोर असं बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "डॉक्टर, एक विचारू का? ते... बाकीचं. ते सगळ्यांचंच जातं का हो, कायमचं? काहीच करता येत नाही?"

डॉक्टरने कपाळाला आठी घातली, फाइल मागे उलटली आणि वाचून पाहिलं. "पण तुमचं तर आधीपासूनच बंद होतं ना? यांनीच सांगितलं होतं. म्हणून तर आपण पूर्ण गोठवलं. नाहीतर एका बाजूचाच विचार केला असता."

 बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. थंडोबा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता, जणू तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता.  आता ही बोलणार, आणि बोललीच पाहिजे, असं त्याला वाटलं.

"हो, हो," बायको म्हणाली. "बंदच होतं. मी आपलं... शेजारणीसाठी विचारलं. तिच्या मिस्टरांचं असंच झालंय."

"मग शेजाऱ्यांना पाठवा माझ्याकडे," डॉक्टर म्हणाला. "गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो. फक्त उशीर करू नका म्हणावं. जितकं थांबतील तितकं अवघड. लाजण्यासारखं काय आहे त्यात?"

"सांगते," बायको म्हणाली.

बाहेर बाकांवर माणसं ओळीने बसली होती, बहुतेक म्हातारे, प्रत्येकाशेजारी मुलगा, सून नाहीतर लेक, आणि फाइल त्यांच्या मांडीवर. ती दोघं त्यांच्या पुढून गेली, जिना उतरली, आणि फाटकाजवळच्या चहाच्या टपरीशी येऊन थांबली. तिने दोन चहा सांगितले. त्याच्या हातात कप दिला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून बंद होतं?"

तो चहावरची साय फुंकरीने बाजूला सारत राहिला.

"नाही, मला कळायला हवं. बंद होतं तर मी इतकी वर्षं कुणाबरोबर होते?"

"अगं, लेक बसली होती बाजूला," तो कसाबसा म्हणाला. "तिच्यासमोर काय सांगणार होतो?"

"मग नंतर सांगायचं. फोन करायचा. मला सांगायचं! मला तर तुम्ही सांगितलंत, सगळ्यांचंच जातं. मी रोज तेच म्हणून तुमची समजूत काढत होते, आणि तुम्ही काढून घेत होतात." तिचा आवाज चढला तसा चहावाल्याने तोंड दुसरीकडे केलं.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटत होतं, मीच आवडेनाशी झाले. आजारपणाचं निमित्त मिळालं म्हणून भिंतीकडे तोंड करतात, असं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं मी?"

  लेकीसमोर अब्रू राखायला गेलो आणि हिची घालवली, हे थंडोबाला आत्ता कळलं. हिच्या वाट्याचं अर्धं मी परस्पर बंद म्हणून सांगून आलो, आणि हिला विचारलंसुद्धा नाही.

"आणि मी तरी काय मोठी शहाणी?" ती म्हणाली. "विचारायला म्हणून तोंड उघडलं, आणि तुमचा चेहरा बघितल्यावर तेच खोटं पुन्हा बोलले. वर शेजारीण! आता त्या शेजारणीला औषध मिळणार, आणि आपण बसू घरी." तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. चष्मा काढून तिने डोळे पुसले. डबी पर्समध्येच होती, पण ती काढली नाही. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही गिऱ्हाइकाला काय विचारता हो? बुडबुडे आले की?"

त्याने मान खाली घातली. "सुरी कुणी घातली."

"मग?"

"मी," थंडोबा म्हणाला. "मीच घातली."

 त्याने कप टपरीवर ठेवला आणि परत फिरला.  लेक नव्हती आज, तरी ती समोर बसलेली असावी तसा तो एकेक पायरी थांबत जिना चढला. बायको मागून येते आहे की नाही हे बघायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरच्या दाराशी सिस्टर उभी होती. जाड भिंगांची, कडक इस्त्रीची, कुणाला न जुमानणारी बाई. "तुमचा नंबर झाला आजोबा."

"हो. एक सांगायचं राहिलं."

"आत पेशंट आहे. मला सांगा, मी डॉक्टरांना सांगते."

थंडोबाने मागे पाहिलं. सगळ्या बाकांवरचे डोळे त्याच्याकडे लागलेले. कोपऱ्यात दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईकही होतं, सुनेबरोबर आलेलं. त्याने थंडोबाला पाहून फाइल तोंडापुढे धरली. तो का आला आहे हे थंडोबाला कळलं, आणि आपण का आलो आहोत हे त्यालाही कळलं असणार. आता खाली उतरून घरी जाणं सोपं होतं. पुन्हा येता आलं असतं, दुसऱ्या दिवशी, गर्दी नसताना. आज बोलू, उद्या बोलू.

"त्यांना सांगा," तो म्हणाला.  घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "सांगा, बंद नव्हतं. चालू होतं."

"काय चालू होतं?" सिस्टरने कागद-पेन घेतलं. "मशीन? औषध? नीट सांगा आजोबा, काय चालू होतं?"

त्याचं तोंड उघडं राहिलं. शब्द अगदी ओठांवर आला आणि तिथेच चिकटला. कान, मान, सगळं तापलं. सिस्टर पेन हातात धरून वाट बघत होती.

"आमचं," मागून बायको म्हणाली.

ती जिन्याच्या तोंडाशी धापा टाकत उभी होती, चेहरा त्याच्याइतकाच लाल. पुढे येऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली. "आमचं चालू होतं. तसंच लिहा. आणि शेजारीण वगैरे कुणी नाही, तेही लिहा."

सिस्टरने एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता लिहिलं आणि बाकाकडे बोट केलं. "बसा. हा पेशंट झाला की तुम्हालाच सोडते."

बाकावर जागा नव्हती. कोपऱ्यातल्या जुन्या गिऱ्हाइकाने फाइल खाली घेतली, सुनेला म्हणाला, "तू जरा खाली जाऊन बस, मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय," आणि ती उठून गेल्यावर सरकून थंडोबाला जागा करून दिली.